सकाळी उशिरा उठणारी गाडी

प्रश्न : पेट्रोल गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो. दिवसभर मात्र लगेच सुरू होते. बॅटरी, प्लग नवे आहेत. इंधनाचा पंप बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. चावी ऑन करा, पंपाची घरघर थांबली की ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी लगेच उठली, तर रात्रीतून पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरतोय हे जवळपास नक्की.

आता हा दाब मोजायचा. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पेट्रोल अंगावर उडेल. इंजिन थंड झाल्यावर रेलला, म्हणजे इंजेक्टरना (पेट्रोल फवारणाऱ्या नोझलना) पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, दाबाचा गेज लावा, फ्यूज परत बसवून इंजिन सुरू करा. (डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाच्या, रेलला घरी हात लावूच नका, तिथला दाब जीवघेणा असतो.) साध्या इंजेक्शनमध्ये दाब बहुधा 3 ते 4 बार, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. इंजिन बंद केल्यावर काटा हळूहळू उतरला तर चालेल, मिनिटाभरात शून्यावर आला तर गळती आहे.

पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूम नळी असेल तर काढा. आत पेट्रोलचा ओलावा म्हणजे रेग्युलेटरमधला पडदा (डायफ्राम) फाटलाय. नळी कोरडी असेल तर प्लग बघा. एखादाच काळा, ओला निघाला तर त्याचा इंजेक्टर ठिबकत असणार. हे सगळं ठीक निघालं, बाहेर कुठे गळतीही नसली, तरच संशय पंपातल्या चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. तो बहुधा सुटा मिळत नाही, पंपासकटच बदलावा लागतो.