मोटेल : अतिथी गळाला, 'ट' तेवढा उरला

प्रश्न : परदेशी चित्रपटांविषयी मराठीत लिहिताना 'मोटेल'साठी 'महामार्गावरील हॉटेल' किंवा 'ढाबा' असे लिहिलेले चालेल का? की त्याला योग्य असा मराठी प्रतिशब्द आहे?

उत्तर : चालणार नाही. मोटेल म्हणजे मोटारीने आलेल्या प्रवाशांच्या मुक्कामाची जागा. हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) या चित्रपटाची नायिका पावसाच्या रात्री 'रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरते' हे वाक्य परीक्षणांतून वाचून वाचून मी कंटाळलो आहे. मराठी माणसाच्या लेखी हॉटेल म्हणजे जिथे मिसळ मिळते आणि गल्ल्यापाशी बडीशेपेची वाटी असते ते ठिकाण. मुक्काम करायचा असेल तर आपण लॉज शोधतो. त्यात भर म्हणजे आपल्या महामार्गांवर 'मोटेल' अशी पाटी मिरवणाऱ्या कित्येक ठिकाणी मुक्कामाला एकही खोली नसते. असतात ते बटाटेवडे, चिक्की आणि 'गाडी दहा मिनिटे थांबेल' असे वाहकाने बजावून सोडलेले प्रवासी. एका सद्गृहस्थांनी तर 'मोठे हॉटेल ते मोटेल' अशी व्युत्पत्ती मला अत्यंत गंभीरपणे ऐकवली होती.

मोटर आणि हॉटेल यांचा हा जोडशब्द आहे, एवढे सांगून बहुतेक कोश थांबतात, आणि नेमकी गंमत सुरू होते तिथेच थांबतात. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे आर्थर हाइनमन या वास्तुरचनाकाराने १९२५ मध्ये 'माइलस्टोन मो-टेल' उघडले. 'मोटर हॉटेल' ही अक्षरे पाटीवर मावेनात म्हणून त्याने ती छाटली, असे सांगतात. आता त्याने काय छाटले ते पाहा. 'हॉटेल' हा शब्द जुन्या फ्रेंचमधील 'ओस्तेल'वरून आला, तो लॅटिन 'होस्पिताले'वरून आणि तो 'होस्पेस'वरून. 'होस्पेस' म्हणजे यजमान, आणि पाहुणाही. हा मुळातला सामासिक शब्द आहे : पहिले पद परक्याचे किंवा पाहुण्याचे, ज्यातून इंग्रजीतील 'गेस्ट' निघाला आणि लॅटिनमधील शत्रुवाचक 'होस्तिस'ही, दुसरे पद म्हणजे धनी, आपल्या संस्कृत 'पति'चे सख्खे भावंड. 'होस्पेस' म्हणजे जणू 'अतिथिपती'. फ्रेंचांनी त्यातला 'प' गिळला, पुढे 'स'ही गिळून त्याची आठवण म्हणून 'ओ'वर टोपी चढवली, आणि हाइनमनच्या पाटीने 'हो' उडवून लावला. पाहुण्याचे पद अशा रीतीने समूळ गेले. 'मोटेल'मधला 'ट' हा मात्र त्या 'पति'तल्या 'त'चाच वंशज आहे.

माझे म्हणणे असे, आणि ते अतिरेकी वाटले तरी मी सोडणार नाही, की चित्रपटवाल्यांनी मोटेलचा जो उपयोग केला तो या छाटलेल्या शब्दाशी तंतोतंत जुळतो. हॉटेलात दिवाणखाना, हमाल, जिना, लांबलचक बोळ आणि आल्यागेल्यावर नजर ठेवणारी माणसे असतात. मोटेलमध्ये खोलीचे दार थेट आपल्या मोटारीसमोर उघडते; कोण आले, कोणाबरोबर आले, कधी गेले, हे कोणी पाहत नाही. 'सायको'तील नायिका चाळीस हजार डॉलर चोरून आलेली असते. ती नोंदवहीत खोटे नाव लिहिते, गाव विचारल्यावर जवळच्या वर्तमानपत्राकडे पाहून लॉस एंजेलिस सांगते, आणि तेवढ्यावर भागते. बाराच्या बारा खोल्या रिकाम्या आहेत, कारण महामार्ग दुसरीकडून गेला आहे. किल्ल्यांच्या फळीवर मालकाचा हात एका किल्लीकडे जातो, क्षणभर घुटमळतो, आणि कार्यालयाला लागून असलेल्या १ क्रमांकाच्या खोलीची किल्ली उचलतो. त्याच खोलीत पुढे तो तिचा खून करतो. पाहुणा गेला आणि धन्याचे एक अक्षर तेवढे उरले तर तो धनी कसा असेल, हे याहून नेमके कोणत्या व्युत्पत्तिकोशाने दाखवले आहे?

मोटेलला बदनाम केले ते हिचकॉकने, असे चित्रपटांचे अभ्यासक म्हणवणारे सर्रास लिहितात. त्यांनी तारखा तपासाव्यात. अमेरिकी तपासयंत्रणेचे प्रमुख एडगर हूवर यांनी असल्या रस्त्याकडेच्या निवासांना 'गुन्ह्यांच्या छावण्या' ठरवणारा लेख १९४० मध्येच लिहिला होता. त्याच्याही आधी, 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) या हलक्याफुलक्या चित्रपटात एक अविवाहित जोडपे नवरा-बायको असल्याचे भासवून अशाच खोलीत उतरते आणि मधे दोरीवर घोंगडी टांगून रात्र काढते. त्या जागेला तेव्हा 'ऑटो कॅम्प' म्हणत, आणि ही दोघे तर बसने निघालेली. म्हणजे मोटार नसतानाही परस्परांची खोटी ओळख सांगण्याची सोय तिथे होतीच.

माझ्या सिद्धान्ताला अपवाद आहे, तोही आपल्याच लोकांचा. मीरा नायर यांच्या 'मिसिसिपी मसाला'त (१९९१) युगांडातून हाकलले गेलेले एक भारतीय कुटुंब ग्रीनवुड गावी नातलगांच्या मोटेलमध्ये राहते. अमेरिकेत गुजराती मंडळींनी हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर हाती घेतला, आणि मालकाचे बिऱ्हाडच तिथे असल्याने एका अक्षरापुरता उरलेला यजमान शब्दात नाही तरी वास्तूत पुरता परतला.

आता प्रतिशब्दाचे. 'सराई' सुचवणारे विद्वान मला भेटले आहेत. शब्द देखणा आहे, पण सराईला वेस असते, ती रात्री बंद होते आणि खोल्या आतल्या चौकाकडे तोंड करून असतात. मोटेलचे तोंड रस्त्याकडे. धर्मशाळेत धर्म आहे, ढाब्यावर खाट असली तरी दार नाही. बदनामीच्या छटेने 'लॉज' सर्वांत जवळचा, पण त्याला जिना आणि व्यवस्थापक असतो. तेव्हा 'मोटेल' असेच लिहावे, नपुंसकलिंगी चालवावे, आणि 'हॉटेलात'प्रमाणे 'मोटेलात' लिहिण्याचा मोह झाला तर खुशाल लिहावे. मी वर दोन ठिकाणी 'मोटेलमध्ये' लिहिले आहे ते निव्वळ सवयीने.