आई आधी डबा उघडते

जून संपत आला, विदर्भातल्या शाळा उघडल्या, की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांच्या एकाच तक्रारीची रीघ लागते. “मॅडम, घरी केलेलं पौष्टिक खातच नाही. पॅकेटातला बार दिला की दोन मिनिटांत संपवतो.” नागपुरातल्या धरमपेठेतली डॉक्टर आई हे सांगते, मानेवाड्याची शिक्षिका सांगते, बर्डीवर दुकान सांभाळणारी सांगते. काही जणी मोबाइलवर फोटो दाखवतात: ओट्सचे, खजुराचे, बदामाचे बार, एकसारखे कापलेले, बटर पेपरात गुंडाळलेले. आणि शेवटी प्रश्न ठरलेला, “याला खायला लावू कसं?”

या प्रश्नाचं उत्तर पाककृतीत सापडत नाही, हे मी अनेकींना समोर बसून सांगितलं आहे. आज एका घराची गोष्ट सांगते. त्या घरच्यांनी लिहायला हो म्हटलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आई सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात नोकरीला. मुलगा तिसरीत. घरी सासूबाई. वडील फिरतीवर. मुलगा डबा रिकामा आणायचा, म्हणून आई खूश होती. मग एके दिवशी दिवाणावर मुंग्यांची रांग दिसली. दिवाणाची पेटी उघडली तर आत, जुन्या वह्यांखाली, बटर पेपरात गुंडाळलेले बार. काही अख्खे, काहींचा भुगा झालेला.

“पाचला उठून करते मी, मॅडम. बदाम, अक्रोड, चिया, सगळं टाकते. आणि हा लपवून ठेवून राहिला! खोटं बोलायला कधी शिकला हा?”

तिला खाण्यापेक्षा खोटं जास्त लागलं होतं. मी तिला मुलाच्या वजन-उंचीची नोंद आणायला सांगितली. बालरोगतज्ज्ञांच्या फाइलीत सगळं व्यवस्थित होतं. मुलगा किरकोळ अंगाचा, पण वाढ तक्त्यातल्या आपल्या रेषेवर चाललेली. ही नोंद मी प्रत्येक वेळी आधी मागते. शरीराचा प्रश्न आहे की घरातला, हे कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नसतो.

मग मुलाशी बोलले. चित्रं काढता काढता.

“आईची वडी आवडत नाही का रे तुला?”

“आवडते ना. कधी कधी.”

“मग पेटीत का ठेवतोस?”

खांदे उडवले. हातातला रंग बदलला.

“खाल्ली तर काय होतं?”

“आई विचारते, पूर्ण खाल्ली का? कोणाला दिली तर नाही? उद्या दोन देऊ का?”

“आणि नाही खाल्ली तर?”

“तरी विचारते.”

थोडा वेळ तो रंगवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, “ऑफिसातून आली की ती आधी डबा उघडते. मग माझ्याशी बोलते.”

इतक्या वर्षांच्या कामात मला एक सवय लागली आहे. मूल असं काही बोललं की मी लगेच पुढचा प्रश्न टाकत नाही. ते वाक्य खोलीत राहू देते. त्या मुलाने मला अख्ख्या प्रकरणाची किल्ली दिली होती. घरी दुपारी दोनला तो यायचा, आई सहाला. मधले चार तास तो डबा ओट्यावर तसाच, खरकटा. आईने सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, “डबा धुऊ नका, मी येऊन बघते.” म्हणजे आई घरात शिरली की पहिली भेट डब्याची. डबा भरलेला असेल तर तिचा चेहरा उतरायचा, रिकामा असेल तर खुलायचा. मुलगा दाराशी उभा राहून हे रोज बघत होता. आठ वर्षांच्या डोक्याने त्याने सरळ तोडगा काढला: डबा रिकामा दिसला पाहिजे. त्याला खोटारडा म्हणणं मला तरी पटलं नाही. त्याला आईचा हसरा चेहरा हवा होता.

माझी शिकवण मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांच्या वाटेची आहे. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात त्यांनी मुलांसाठी आणि पालकांसाठी मार्गदर्शन केंद्रं चालवली. मुलाच्या वागण्यामागे कारण शोधण्यापेक्षा त्यातून त्याला काय मिळवायचं आहे हे बघा, असं ते शिकवत. बहुतेक वेळा त्याला एवढंच हवं असतं की या घरात माझी जागा पक्की आहे आणि माझा काही उपयोग आहे. डब्यातली वडी परत येते तेव्हा मी म्हणूनच विचारते, या वडीच्या आडून घरात काय चाललं आहे?

मुलाची परवानगी घेऊन मी त्याचं वाक्य आईला सांगितलं. “तुम्हीच सांगा,” असं तो म्हणाला होता. ती ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, “हात आधी डब्याकडेच जातो, मॅडम. खरं आहे.”

“डब्यात काय शोधता तुम्ही?”

बराच वेळ गेला. मग रडतच बोलली. दिवाळीत सगळे जमले असताना कोणीतरी म्हणालं होतं, ‘आई नोकरीवर, म्हणून पोरगं वाळून राहिलं.’ नवरा तिथेच होता, काही बोलला नाही. तेव्हापासून ती पाचला उठत होती. त्या वडीवर तिने आपलं आईपण पणाला लावलं होतं, आणि रोज संध्याकाळी सहाला निकाल बघत होती.

हे तिचं तिला दिसलं, तो क्षण या सगळ्या भेटींतला सगळ्यात मोलाचा. पुढचं काम तसं सोपं होतं.

पहिला उपाय एका ओळीचा: डबा दुपारी दोनलाच धुवायचा. मुलाने सिंकमध्ये ठेवायचा, आजीने घासायचा, उरलं असेल तर त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आईने घरात आल्यावर ओट्याकडे जायचं नाही. आजी माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, “मी तं पहिलेच म्हणत होती, पोराले खाऊ दे त्याच्या मनानं. पण मी बोलली का सुनेले वाटते सासू बोलून राहिली.” सून शेजारीच बसली होती. दोघी हसल्या. त्या हसण्याने माझं अर्धं काम केलं.

दुसरा उपाय वेळखाऊ. वडी करायचं काम मुलाच्या हाती द्यायचं. देखाव्यापुरतं ‘मदत करू लाग’ असं नाही, खरंखुरं काम. रविवारी सकाळी वडी होणार हे आई ठरवणार. काय काय सामान फळीवर असणार तेही आई ठरवणार. त्यातलं काय घालायचं हे मुलगा ठरवणार, आणि खायची की नाही, किती, हेही तोच. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ही विभागणी फार नेमकी मांडली आहे: काय, कधी, कुठे हे मोठ्यांचं, खायचं का आणि किती हे मुलाचं. मी ती दर महिन्याला कोणाला ना कोणाला सांगते. आयांना पहिला भाग लगेच पटतो, दुसऱ्या भागाला जीव घाबरतो.

महागाचं सामान आम्ही बंद केलं. चिया नको, जवस घ्या. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते, ओमेगा-३ त्यातही भरपूर. फक्त जवस मंद भाजून भरड करायचा, अख्खा दाणा पोटातून तसाच निघून जातो. भाजलेले शेंगदाणे, तीळ, राजगिऱ्याच्या लाह्या, भोपळ्याच्या बिया, इतवारीतून आणलेला मऊ खजूर. त्यांचं प्रमाण असं बसलं: २५० ग्रॅम बिया काढलेला खजूर, १०० ग्रॅम शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीळ आणि जवस ५०-५० ग्रॅम, वाटीभर लाह्या. खजूर जरा तुपावर परतून मऊ केला की बाकीचं त्यात मळायचं, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून थापायचं, गार झाल्यावर कापायचं.

पहिल्या रविवारी त्याने लाह्या तिप्पट घातल्या. वडी काही बांधली गेली नाही, ताटात नुसता चुरा. आईने मला नंतर सांगितलं, “जीभ चावून बसली होती मी.” मुलाने तो चुरा वाटीत घेतला, वर दूध ओतलं आणि खाल्ला. पुढच्या रविवारी लाह्या स्वतःच मोजून घातल्या. कोणी शिकवलं नाही.

गुळाच्या वडीचा दिवस आजींचा होता. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. बोटांत मऊ गोळी झाली तर वडी मऊ होते, कडक होऊन टक्कन तुटला तर चिक्की. आजीने थेंब टाकायचा, नातवाने गोळी दाबून सांगायचं, “झाली!” ज्या बाईने घरात या विषयावर तोंड उघडायचं सोडून दिलं होतं, तिचा नातू आता तिला विचारल्याशिवाय गॅस बंद करत नव्हता. पावसाळ्यात ही वडी सादळते, म्हणून थोडी थोडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हेही त्यांचंच सांगणं.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा मुलाने नवीनच काढलं: संत्र्याची साल घालायची. आईला वाटलं कडू होईल. पण फळीवर संत्री होती, आणि फळीवरचं निवडायचा हक्क त्याचा. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, सोलल्यावर किसता येत नाही. म्हणून फळ चांगलं धुऊन, अख्खं असतानाच किसायचं, वरचा नारिंगी थर तेवढा. खालचं पांढरं आलं की कडवटपणा आलाच. त्याने चिमूटभर कीस घातला आणि घरभर वास सुटला. ती वडी त्याने शाळेत वाटली. राहिलेल्या संत्र्याच्या फोडी वडीसोबत खाल्ल्या तर आणखी बरं, कारण संत्र्यातल्या क जीवनसत्त्वामुळे तीळ-जवसातलं लोह अंगाला जास्त लागतं. वडीसोबत चहा मात्र नको, त्याने उलटं होतं.

आता पॅकेटाबद्दल. आयांना वाटतं मी म्हणेन, बंद करा. मी म्हणत नाही. घरात एखाद्या खाऊवर कडक बंदी आली की मुलांचं लक्ष त्याच खाऊवर खिळतं. फिशर आणि बर्च या संशोधक बाईंनी १९९९ मध्ये मुलांवर प्रयोग करून हे दाखवलं आहे. ‘वडी संपव, मग चॉकलेट’ हा सौदाही करू नका, त्यात वडी शिक्षा ठरते आणि चॉकलेटचा मान वाढतो. त्यापेक्षा मुलाला पॅकेट वाचायला शिकवा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. पहिली तीन नावं वाचली की आत काय आहे ते कळतं. साखरेची नावं अनेक: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. आमच्या या मुलाने दुकानात उभं राहून ‘ओट्स’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं पॅकेट उलटून वाचलं आणि आईला विचारलं, “मग ओट्स चौथ्या नंबरवर का?” पॅकेट त्याने तरी घेतलं. महिन्यातून एखादं घेतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि घरचं आहे म्हणून कितीही चालतं, असंही नाही. गूळ ही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. गूळ, मध त्यातच मोजायचे. दिवसाला १५०० कॅलरी खाणाऱ्या मुलाला १० टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. दोन बोटं रुंद एक वडी पुरे, तीही जेवणाऐवजी नको. खजूर-गूळ दातांना चिकटतो, खाऊन झाल्यावर चूळ भरायला लावा.

नवी चव मुलांना एका दिवसात आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते, आणि प्रत्येक वेळी आग्रहाशिवाय. दोनदा परत आली म्हणून जवस घरातून हद्दपार करू नका, आणि तिसऱ्यांदा ठेवताना मुलाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहू नका.

लहान मुलांच्या आया विचारतात, आमच्याकडे अजून तीन-चार वर्षांचा आहे, त्याला चालेल का? चालेल, पण शेंगदाणा, बदाम, बिया अख्ख्या नकोत, घशात अडकतात. बारीक कूट करून घाला, वडी मऊ ठेवा, आणि बसवून खाऊ घाला, पळता पळता नाही. घरात कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. आणि वजन उतरत असेल, मूल ठरावीक तीन-चार पदार्थांपलीकडे कशालाच हात लावत नसेल, गिळताना त्रास होत असेल किंवा जेवणाच्या वेळी रोज रडारड होत असेल, तर माझ्याकडे यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांची फाइल घेऊन या, मग आपण बसून बोलू.