'पलिष्टी' शब्दाच्या मुळाशी जाताना

अरे, 'पलिष्टी' (बायबलमधले इस्राएलचे शेजारी आणि शत्रू) या नावाचा अर्थ हिब्रू धातूतून काढायचा, हिब्रू शिकायला लागल्यावर पहिल्या वर्षी सगळे हेच करतात, मीही केलं. कोशात 'प-ल-श' धातू सापडला, अर्थ 'लोळणे' (बायबलच्या यिर्मया ग्रंथात, ६:२६ मध्ये राखेत लोळायला सांगितलंय, तोच हा), की लगेच पलिष्टी म्हणजे 'धुळीत लोळणारे' किंवा 'भटके' असं ठोकून द्यायचं! घाई करू नकोस.

आधी बघ, हे नाव हिब्रूच आहे का? मिसरात (इजिप्तमध्ये) मेदिनेत हाबू इथे तिसऱ्या रामसेसच्या देवळाच्या भिंतीवर, इ.स.पू. बाराव्या शतकात, समुद्रमार्गे आलेल्या शत्रूंत 'प-र-स-त' असं नाव कोरलंय. मिसरी लिपीत 'ल'ला वेगळं चिन्ह नव्हतं, म्हणून 'र'. म्हणजे 'पेलेशेत'च, हिब्रूतलं पलिष्ट्यांच्या प्रदेशाचं नाव. बाहेरून आलेल्यांनी नावही बरोबर आणलं असणार. हिब्रू धातूशी जुळणं हा बहुधा योगायोग. बायबलमधला आमोस (९:७) तर त्यांना कफतोरहून (बहुधा क्रीट बेटावरून) आलेले म्हणतो.

मला खरी गंमत हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात वाटते. पंचग्रंथात (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत) आणि त्यापुढच्या यहोशवा ग्रंथात नाव जसंच्या तसं, पण शास्ते ग्रंथापासून पुढे बहुतेक ठिकाणी 'आल्लोफिलोइ', म्हणजे परक्या कुळाचे. धातूपेक्षा हे आधी वहीत टिपून ठेव.