पर्यावरण आणि आराखड्याच्या वादांनी राज्यातलं पक्षीय राजकारण बदलतं का? नागपुरातून ते कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की झाडं, वीजकेंद्रांची राख, विकास आराखड्यातली जमिनींची आरक्षणं यांवरच्या भांडणांनी मतं फिरतात का. माझ्या मते फारशी नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तलावाच्या सांडव्याजवळच्या विवेकानंद स्मारकाचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिण-पश्चिम नागपूरमधून भाजपचे देवेंद्र फडणवीस आणि पश्चिम नागपूरमधून काँग्रेसचे विकास ठाकरे, दोघेही परत निवडून आले.

हे वाद खरे कामी येतात ते मित्रपक्षाला दाबायला. शिवसेनेने भाजपसोबत सत्तेत राहूनच कोकणातल्या नाणारच्या रिफायनरीला विरोध केला आणि २०१९ च्या लोकसभेआधी युती करताना तो प्रकल्प रद्द करून घेतला. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्या रिफायनरीसाठी कोकणातल्याच बारसूची जागा सुचवली. २०२३ मध्ये विरोधात असताना तेच बारसूच्या आंदोलकांना भेटायला गेले. रिफायनरी तीच होती, ठाकऱ्यांची खुर्ची तेवढी गेली होती.

आपल्याकडचं उदाहरण पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावचं. तिथल्या तलावात महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीची राख टाकणं बंद करा, असं फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी सांगितलं. ऊर्जा खातं होतं काँग्रेसच्या नितीन राऊतांकडे, म्हणजे उत्तर नागपूरच्या आमदाराकडे. महाविकास आघाडी एकच, पण एका पक्षाच्या खात्याने दुसऱ्याच्या खात्याला त्याच्याच जिल्ह्यात थांबवलं. म्हणून कोणत्याही वादात आधी बघा, फाइल कोणत्या खात्यात आहे आणि ते खातं कोणाकडे आहे.

यात सगळ्यात वजनदार खातं नगरविकास. २०१४ ते २०१९ ते फडणवीसांनी मुख्यमंत्री असताना स्वतःकडे ठेवलं. पुढे एकनाथ शिंदेंकडे आलं आणि मंत्री, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री अशी पदं बदलली तरी त्यांनी ते सोडलं नाही. कारण एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात आहे. कलम ३७ खाली एखाद्या जागेचं आरक्षण बदलायचं तर महापालिकेच्या आमसभेचा ठराव, सूचना, हरकतींना एक महिना, मग शासनाची मंजुरी. ३७ (१कक) खाली शासन हा फेरबदल स्वतःच सुरू करू शकतं. मार्च २०२२ ला नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त प्रशासकच होता, म्हणजे आमसभेत ओरडणारा नगरसेवकही नाही. अशा वेळी विरोधी पक्ष विषय साठवून ठेवतो आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर काढतो.

मतांशी थेट नातं असलेला एकच विषय मला दिसतो, तो म्हणजे ५७२ आणि १९०० ले-आउट, म्हणजे नागपुरात मंजुरीशिवाय पडलेल्या वस्त्या. आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) नसेल तर नकाशा मंजूर होत नाही आणि बँक कर्जाला का-कू करते. त्यामुळे प्लॉटधारक उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारतो. असे तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ मध्ये आघाडी सरकारने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली, आणि त्याला विरोध करणं कोणत्याच पक्षाला परवडणारं नव्हतं. नाल्यावर, मैदानाच्या आरक्षणावर बसलेले प्लॉट मात्र यात अडकतात, आणि तिथे 'आम्ही बघतो' म्हणणारे सगळ्या पक्षांत सापडतील.

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी होणाऱ्या जनसुनावणीबद्दल गैरसमज फार. २९ मे २०२३ ला कोराडी वीजकेंद्राच्या ६६० मेगावॉटच्या दोन संचांसाठी झाली, तशा सुनावणीत मतदान नसतं आणि गणपूर्तीही लागत नाही. किमान तीस दिवस आधी सूचना निघते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणणं नोंदवतं. हजार लोक घोषणा देऊन गेले तर कागदावर जवळपास काहीच उरत नाही. पक्षांचे कार्यकर्ते इथेच चुकतात, की मुद्दामच तसं करतात, कोण जाणे.

तुमचीच हरकत असेल तर 'झाडं तोडू नका' एवढंच लिहू नका. मौजा, खसरा (जमिनीचा) क्रमांक, आराखड्यातलं आरक्षण, सूचनेची तारीख आणि नेमकं काय वगळावं ते लिहा. मुदतीच्या आत द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. आमदाराकडे जायचं तर त्या पोचेची प्रत घेऊनच जा, त्याला सभागृहात प्रश्न टाकायला ती कामी येते.