दूरच्या सर्व्हरचं कॉन्फिग बदलताना

प्रिय मित्रा,

उबुंटू सर्व्हरवर पासवर्डने होणारं लॉगिन बंद करायला निघाला आहेस, तर आधी परतीची वाट राखून ठेव. एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचं साधन) एक सेशन उघड, ‘सुडो -आय’ने रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, हो आणि काम संपेपर्यंत ती खिडकी बंद करू नकोस. एसएसएचची सर्व्हिस रीलोड झाली, म्हणजे तिने सेटिंग पुन्हा वाचलं, तरी आधीचं सेशन तुटत नाही. पासवर्डऐवजी ‘की’ची (किल्लीची) फाइल वापरून लॉगिन होतंय ना, हेही आत्ताच पाहून घे. एसएसएच सर्व्हिसच्या मुख्य सेटिंग फाइलची, ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ची, प्रत ‘सीपी -ए’ने काढ, म्हणजे मालकी आणि परवानग्या तशाच राहतील.

बहुतेक जण फसतात ते पुढे. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये एकच सेटिंग दोनदा आलं तर पहिली व्हॅल्यू धरली जाते. उबुंटूत या फाइलच्या सुरुवातीलाच इतर फाइली जोडणारी ‘इन्क्लूड’ची ओळ असते, त्यामुळे ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. क्लाउड सर्व्हरवर तिथल्या ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’मध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ असू शकतं. मग तू मुख्य फाइलीत खाली ‘नो’ लिहिलंस तरी पासवर्ड चालूच राहतो, आणि एररही येत नाही! म्हणून तुझी ओळ त्याच फोल्डरात ‘००’ने सुरू होणाऱ्या आणि ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या वेगळ्या फाइलीत लिही.

आता ‘एसएसएचडी -टी’ ही तपासणीची कमांड चालव, लहान टी. काहीच छापलं नाही तर सिंटॅक्स ठीक आहे, एवढंच कळलं. सर्व्हर खरोखर कोणत्या व्हॅल्यू धरणार, ते मोठा टी दाखवतो. तिथे ‘नो’ दिसल्यावरच रीलोड कर आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघ.

सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणारी सुडोअर्स फाइल नॅनोसारख्या साध्या एडिटरने थेट कधीच उघडू नकोस. ती बिघडली तर दुरुस्तीला लागणारा सुडोच हातचा जाऊ शकतो. त्याऐवजी ‘व्हिसुडो’ वापर. ते फाइल लॉक करतं, जतन करताना तपासतं आणि चूक सापडली की काय करायचं ते विचारतं. ‘ई’ दाबून दुरुस्त कर, नाहीतर ‘एक्स’ दाबून बदल सोडून दे. मोठा ‘क्यू’ चुकीसकट जतन करतो, त्याला हात लावू नकोस. ‘सुडोअर्स.डी’ फोल्डरमधल्या फाइलीच्या नावात टिंबही नको. अशी फाइल सुडो वाचतच नाही.

एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी, बदललीस तर रीबूटआधी ओळी तपासायला ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि मग डिस्क जोडून बघायला ‘माउंट -ए’ चालव. जादा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ घाल. नाहीतर डिस्क सापडली नाही की सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी साधारण ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या स्थितीत, जातं. तिथे एसएसएच सुरू झालेलं नसतं, होस्टिंग कंपनीने दिलेल्या कन्सोलवरूनच (सर्व्हरचा थेट पडदा) आत शिरावं लागतं. त्या कन्सोलचं लॉगिन चालतंय का, ते आजच तपासून ठेव.

सस्नेह.