दादा वैनीला मारतो, मी नणंद आहे, मी पोलिसात जाऊ का?

"मावशी, मी संभाजीनगरला नोकरी करते, माहेर केज तालुक्यातलं. दादा वैनीला मारतो हे घरात सगळ्यांना माहितीये. मागच्या महिन्यात त्यानं तिचा गळा धरला. शेजारच्यांनी ११२ ला फोन लावला, पोलीस आले पण आईनं आणि दादानं काहीबाही सांगून त्यांना वाटेला लावलं, वैनी एक शब्द बोलली नाही. आई म्हणते सोयाबीनला भाव नाही, कर्ज झालंय म्हणून त्याचं डोकं फिरतं, आपण पाहुणे बोलावून बैठक घेऊ. मी पोलिसात गेले तर माहेर तुटतंय, नाही गेले तर रात्री झोप येत नाही. - एक नणंद"

पोरी, तू सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका ओळीत उरकलीस. गळा धरला. हात उगारणं वाईटच, पण गळा दाबणं लई वेगळं असतं, जिथं नवरा बायकोचा गळा दाबतो तिथं पुढं तिचा जीव जायचा धोका खूप वाढलेला असतो आणि वरून वळ दिसला नाही तरी आत इजा असू शकते. वैनीला विचार, आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, चक्कर येते का. यातलं काही असलं तर लगेच अंबाजोगाईला स्वारातीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि डॉक्टरला "नवऱ्यानं गळा दाबला" असंच सांगायचं, मोरीत पाय घसरला वगैरे नाही. तसं सांगितलं तर ते केसपेपरवर येतं, आणि पुढं कोर्टात तोच कागद तिच्या कामाला येतो.

सोयाबीनचं म्हणशील तर कर्ज वैनीच्या पण डोक्यावर आहेच की. आणि दादाचा हात अडत्यावर उठतो का, बँकेच्या साहेबावर उठतो का? नाही ना, मग डोकं फिरलं म्हणून मारतो हे मला पटत नाही.

बैठकीला माझा साफ नकार आहे. पाहुण्यारावळ्यांसमोर ती काय बोलणार, आणि बोललीच तर ते जेवून आपापल्या गावाला जाणार आन ही रात्री त्याच घरात त्याच्यासोबत.

पोलीस आले तेव्हा ती गप्प राहिली त्याचंही हेच कारण आहे, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नवरा, दारात वर्दी, कोण बोलंल गं? पोलिसांनी येऊन मारहाण थांबवणं गरजेचंच आहे, उद्या परत हात उठला तर ११२ लावायला मागंपुढं बघू नको. पण त्यानंतर तिला एकटीला बसवून, घाई न करता ऐकणारं माणूस पण लागतं, आणि असं माणूस पोलिसांच्याच आवारात असतं हे आपल्याकडं कित्येक बायांना माहीतच नसतं. त्याला महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष म्हणतात, सगळे स्पेशल सेलच म्हणतात. १९८४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात पहिला सुरू केला, आता राज्य सरकारचा महिला व बालविकास विभाग चालवतो. तिथं बसणाऱ्या ताया समाजकार्य शिकलेल्या असतात, पोलीस नसतात. तिथं पाय ठेवला की लगेच गुन्हा दाखल होतो असं काही नाही. त्या आधी ऐकतात, धोका किती आहे ते बघतात, मग वैनीला काय पाहिजे ते तिलाच विचारतात. तिला एफआयआर द्यायची असली तर ठाण्यात तिच्यासोबत उभ्या राहतात, नसली तर नवऱ्याला बोलावून घेतात, आणि जागा पोलिसांची असल्यामुळं तो येतो पण. बैठकीच्या पाहुण्यांना तो असा भिणार आहे का?

आता तुझं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात सोय आहे की असं काही चाललंय हे कळलेला कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि खऱ्या मनानं कळवलं तर त्याच्यावर काही कारवाई होत नाही. म्हणजे नणंद म्हणून तू कळवू शकतेस. त्याच कायद्यानं वैनीला त्या घरात राहायचा हक्क आहे, घर कुणाच्या का नावावर असंना. कोर्टानं दादाला हात लावायचा नाही म्हणून आदेश दिला आणि त्यानं तो मोडला तर एक वर्षापर्यंत जेल किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकील लागला तर बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, तिची कमाई किती ते बघत नाहीत.

पण तिला न विचारता थेट तक्रार टाकू नको गं. दादाला कळंल तेव्हा घरात ती असणार आहे, तू संभाजीनगरला असशील. बाई बाहेर पडायला निघते तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते, म्हणून ती वेळ तिलाच ठरवू दे. फक्त परत गळ्याला हात लागला तर मात्र तिच्या होकाराची वाट बघत बसू नको, ११२ लाव.

तिचा मोबाईल दादा बघत असंल तर मेसेज करू नको, १८१ या बायकांच्या हेल्पलाइनला फोन तुझ्या मोबाईलवरून लाव. एखाद्या सणाला गेलीस की तिला एकटीला गाठ आणि स्पेशल सेलचं सांग, सोबत येते म्हण. आधार, पासबुक, लेकरांचे जन्माचे दाखले यांचे फोटो तुझ्याकडं ठेव. रातोरात निघायची पाळी आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं थोडे दिवस राहायची सोय होते. आणि तुझी खोली आहेच की, तिथं ती लेकरांना घेऊन येऊ शकते का हे तिला भेटायच्या आधी तुझ्याशी पक्कं करून घे.