सेव्हन बाय फिफ्टीसेव्हन घेऊ की ॲक्ले बनवून घेऊ?

प्रश्न: आर्मररकाका, मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षांपासून आयडाहोत आहे. दर हंगामात म्यूल डिअरच्या शिकारीचा परवाना काढतो. मित्र म्हणतो, गनस्मिथकडून .२८० ॲक्ले इम्प्रूव्ह्ड या काडतुसाची रायफल खास बनवून घे. मला मात्र एक जुनी, चांगल्या स्थितीतली माउझर ९८ रायफल मिळते आहे, ७×५७ काडतुसाची (७ मिमी गोळी, ५७ मिमी पुंगळी). मी अडीचशे यार्डांपलीकडे सहसा गोळी झाडत नाही. काय करू?

उत्तर: माउझर घ्या. मित्र रुसला तर त्याला सांगा, त्याचं काडतूस याच घराण्यातलं आहे. जुलै १८९८ मध्ये क्यूबातल्या सान हुआन टेकडीवर मूठभर स्पॅनिश शिपायांनी ७×५७ च्याच माउझरनिशी अमेरिकी फौजेला जेरीस आणलं. अमेरिकेनं धडा घेतला. तिची नवी लष्करी रायफल, स्प्रिंगफिल्ड, माउझरच्या इतकी जवळ गेली की माउझर कंपनीला रॉयल्टी मोजावी लागली. तिच्या .३०-०६ काडतुसापासून १९५७ साली .२८० रेमिंग्टन निघालं आणि .२८० पासून ॲक्ले. पुंगळीचं बूड मोजून बघा, दोन्हीकडे १२ मिलिमीटरच्या आसपासच भरेल.

पी. ओ. ॲक्ले यांची युक्ती साधी. पुंगळीचं अंग सरळ करायचं, खांदा (जिथे पुंगळी गोळीकडे निमुळती होते तो उतार) ४० अंशांवर आणायचा, की आत दारू जास्त मावते. नेहमीचं .२८० रेमिंग्टन ॲक्लेच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या घरात) उडवलं की पितळ फुगून नवा आकार घेतं. अशा घरगुती काडतुसांना ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर म्हणतात. २००७ मध्ये नोस्लर कंपनीनं त्याला अधिकृत मापात बसवलं, त्यामुळे हे रानमांजर आता पट्टा बांधलेलं आहे.

वेगात ॲक्ले पुढे, हे मान्य. १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅम) गोळी ती सेकंदाला ३१०० फुटांच्या आसपास फेकते, ७×५७ सुमारे २७००. अमेरिकी कारखाने ७×५७ मुद्दाम बेतानं भरतात, कारण १८९३-९५ च्या नाजूक माउझर अजून लोकांच्या घरात आहेत. पण दोन्ही रायफलींचा नेम २०० यार्डांवर बरोबर बसेल असा लावला, तर ३०० वर गोळीच्या उताराचा फरक दोन-तीन इंचांचा. तुम्ही अडीचशेवर थांबता. तेवढ्यासाठी नवी नळी, चेंबर कोरायचं रीमर आणि जास्त धक्का कशाला? खेड्यातल्या दुकानात दोन्ही काडतुसं मिळणं मुश्कील, ते दुखणं सारखंच.

नावाचा घोळ मात्र लक्षात ठेवा. मी नोकरीत असताना कोल्हापूरकडच्या एका घराण्याची जुनी रायफल साफसफाईला येत असे. नळीवर .२७५. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद झालेली, पण परवाना जिवंत होता आणि मालक काडतुसांच्या शोधात होते. ‘७×५७’ लिहिलेला डबा दुकानदारानं दोनदा पुढ्यात ठेवला, दोनदा त्यांनी परत केला. .२७५ रिग्बी म्हणजे इंग्रजी कपड्यातलं ७×५७च, हे पटवायला मला दोन कप चहा लागला. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळाली, ती रायफलही .२७५ रिग्बीच.

पैसे देण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (काडतूस चेंबरमध्ये नीट बसण्याचं माप) तपासून घ्या, आणि नळीचं तोंड झिजलेलं नाही ना ते बघा. नळीवर ‘.२७५’ कोरलेलं दिसलं, तर विकणाऱ्याला काही बोलू नका. आधी मला फोटो पाठवा.